हौसेची होडी आणि व्यापाऱ्याची वही

दिवसभर दुकानात बसून गज फिरवणाऱ्या किंवा कारखान्यात मशीनच्या आवाजात राबणाऱ्या माणसाला आठवड्यातून एक दिवस मोकळी हवा हवीशी वाटते, यात गैर काही नाही. कोकणातून मुंबईला आलेल्या आपल्या बांधवांना तर समुद्राची ओढ लहानपणापासूनची. चार पैसे हाती आले की कोणी गावी घर बांधतो, कोणी गाडी घेतो. अलीकडे मात्र काही जण शिडाची बोट घेण्याविषयी चौकशी करू लागले आहेत. गेल्या दोन वर्षांत आमच्याकडे तीन व्यापारी मित्र हाच सवाल घेऊन आले. आम्ही एके काळी अशा एका बोटीत भागीदार होतो, हे त्यांना ठाऊक होते. त्या भागीदारीत आम्ही काय गमावले, ते मात्र ठाऊक नव्हते. त्या तिघांना जे सांगितले तेच येथे क्रमाने मांडत आहोत.

मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकतो. बोट विकणाऱ्याला जी रक्कम दिली ती बोटीची किंमत नव्हे, तो फक्त बयाणा. खरी किंमत काढायची असेल तर एकूण खर्चाला समुद्रात गेलेल्या दिवसांनी भागावे. हा भागाकार आम्ही बोट विकल्यानंतर केला. वाचकांनी तो घेण्याआधी करावा.

नवी घ्यावी की जुनी?

यॉट म्हटले की सिनेमातली पांढरीशुभ्र, दोन-तीन मजल्यांची बोट डोळ्यांपुढे येते. आम्ही बोलत आहोत ती वीस-पंचवीस फुटांची साधी बोट. एक डोलकाठी, दोन शिडे, तळाला लोखंडाचा किंवा शिशाचा वजनदार कणा आणि बंदरातून आत-बाहेर करण्यापुरते लहान इंजिन. चार माणसे आरामात बसतात. मुंबईला हा शौक नवा नाही. येथील रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ साली स्थापन झाला.

नवी बोट घ्यायची तर प्रथम कर पाहावा. सहलीच्या आणि क्रीडेच्या नौकांवर पूर्वी २८ टक्के जीएसटी व ३ टक्के उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांवर ४० टक्के जीएसटी लागू झाला. म्हणजे दहा लाखांच्या बोटीवर चार लाख कर. मासेमारी नौकेवर मात्र ५ टक्केच. पोटासाठी घेतलेली होडी आणि चैनीसाठी घेतलेली होडी यांत सरकार एवढा फरक करते. काहींचा समज असा की बोट दुकानाच्या नावावर घेतली म्हणजे हा कर दुकानाच्या करातून वजा होईल. तसे होत नाही. नौका पुढे विकण्याचा, तिच्यातून प्रवासी वा माल नेण्याचा किंवा नौका चालवणे शिकवण्याचा धंदा असेल तरच ती सवलत मिळते.

म्हणून बहुतेक जण जुनी बोट पाहतात. आम्हीही तेच केले. २०१८ च्या सप्टेंबरात आम्ही, सुट्या भागांचे एक व्यापारी आणि फर्निचरचे एक कारखानदार अशा तिघांनी प्रत्येकी दोन लाख घालून सहा लाखांना एक जुनी फायबरची बोट घेतली. तिघांची दोस्ती पंचवीस-तीस वर्षांची.

तपासणी पाण्याबाहेर

इतक्या वर्षांच्या धंद्यात आम्ही गाठ उघडल्याशिवाय माल घेतला नाही. बोट मात्र पाण्यात तरंगत असतानाच पाहून घेतली. विकणारा म्हणाला, "मोसम सुरू होतोय, आता वर काढली तर महिना जाईल." आम्ही मान डोलावली. पुढच्या मे महिन्यात बोट वर काढली तेव्हा तळाला फोड आलेले दिसले. कण्याला धरून ठेवणारे बोल्टही गंजले होते.

तेव्हा जुनी बोट पाण्याबाहेर काढूनच पाहावी. काढण्याचा खर्च आपण द्यावा, पण पाहावी. फायबरचा तळ लहान लाकडी हातोडीने ठोकावा. आवाज टणक आला तर ठीक. भद्द आवाज आला तर आत पाणी शिरले असे समजावे. बोट लाकडी असेल तर तळाच्या फळ्या नीट बघाव्यात, कारण लाकूड पोखरणारा समुद्री किडा बाहेर बारीक भोक ठेवतो आणि आतून फळी पोकळ करतो. डोलकाठीला धरणाऱ्या तारांची टोके पाहावीत, कारण तारेचे पेड तुटायला तेथूनच सुरुवात होते. इंजिन थंड असताना आपल्यासमोर सुरू करायला लावावे.

शिडाचे कापड

शीड हा खरे तर आमच्या धंद्यातला विषय, आणि तेथेच आम्ही फसलो. पूर्वी शिडे सुती असत. मुंबईच्या डोंगरी भागात विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या कापडालाच साहेबलोक डंगरी म्हणू लागले असे सांगतात, आणि ते कापड शिडांना व तंबूंना वापरले जाई. १९५० नंतरच्या काळात सुताची जागा पॉलिस्टरने घेतली. डॅक्रॉन म्हणतात ते हेच.

शिडाच्या कापडावर ताण फक्त ताण्याच्या आणि बाण्याच्या दिशेने येत नाही. वारा भरला की तो उरेबमध्येही ओढतो. उरेब ओढले की कोणतेही कापड लांबते, हे आपले शिंपीबांधव जाणतात. शीड असे लांबले तर त्याचा आकार बिघडतो आणि बोट वाऱ्याकडे चढत नाही. म्हणून हे कापड अतिशय घट्ट विणतात आणि वर रेझिनची खळ देतात. नवे शीड हातात घेतले तर कागदासारखे करकरते. वापराने आणि उन्हाने ती खळ मोडते, तेव्हा कापड मऊ पडते.

आम्ही शीड चोळून पाहिले, हात नरम लागला आणि आम्ही खूष झालो. मलमल किंवा लॉनचा हात नरम असेल तर चार पैसे जास्त मिळतात. शिडाचा हात नरम असेल तर ते संपत आले असे समजावे. विकणाऱ्याने कापड व्यापाऱ्याच्या हाती शीड दिले आणि व्यापाऱ्यानेच स्वतःची फसवणूक करून घेतली.

दुसरी गोष्ट धाग्याची. शिवणीचा धागा कापडाच्या वर असतो, म्हणून ऊन आधी धाग्याला खाते. शिवणीवर अंगठ्याचे नख जोराने ओढावे. धागा तुटला तर सगळ्या शिवणी पुन्हा माराव्या लागतील. शीड उजेडाकडे धरून बारीक भोके पाहावीत, कोपरे आणि मागची कड पाहावी. आम्ही यातले काही केले नाही. त्या जानेवारीत मांडव्याच्या बाहेर वारा वाढला आणि मोठ्या शिडाची एक शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवत गेली. इंजिन चालू झाले म्हणून संध्याकाळी घरी पोहोचलो.

वर्षाचा खर्च

आमच्या वहीतील २०१८-१९ च्या मोसमाचा खर्च असा :

नांगराची जागा, बोट वर काढणे, पावसाळ्यात ठेवणे : ५४,००० रुपये
खलाशी-रखवालदाराचा आठ महिन्यांचा पगार : ५६,०००
तळ खरवडणे व शंखशिंपले धरू न देणारा रंग : २८,०००
डिझेल व इंजिनची देखभाल : १८,०००
दोऱ्या, विमा, किरकोळ : १६,०००
एकूण : १,७२,०००

याशिवाय नवे मोठे शीड आणि तळाची दुरुस्ती मिळून १,४५,००० रुपये गेले. जाणकार मंडळी म्हणतात की किमतीच्या दहा टक्के वर्षाला धरावेत. आम्हाला जवळजवळ एकोणतीस टक्के पडले. कारण सोपे आहे. वर काढणारा, रंगारी आणि जागेवाला बोटीची लांबी पाहून पैसे मागतात, तुम्ही ती कितीला घेतली ते कोणी विचारत नाही. जुनी बोट स्वस्तात मिळते, पण तिचा सांभाळ स्वस्त होत नाही.

आता दिवस मोजू. मुंबईच्या बंदरात बोट उघड्यावर नांगरून ठेवावी लागते आणि पावसाळ्याआधी काढावी लागते. ऑक्टोबर ते मे मिळून चौतीस-पस्तीस रविवार. त्यांतून दिवाळीची गिऱ्हाइकी गेली, लग्ने गेली. २०१९ चा मे महिना बहुतेक रमजानमध्ये गेला. काही रविवारी सकाळी मतलई पडलेली आणि दुपारपर्यंत वाऱ्याचा पत्ता नाही. ओहोटीच्या वेळा गैरसोयीच्या असल्या तर तोही दिवस गेला. त्या मोसमात आमच्या फेऱ्या झाल्या चौदा. दुरुस्ती सोडूनही एका फेरीला बारा हजारांवर खर्च.

रविवारची मासेमारी

काही जण म्हणतात, मासे मिळतील, थोडा खर्च निघेल. हा हिशेब आम्हीही मनात केला होता. शिडाची बोट ताशी चार-पाच सागरी मैलांनी चालते. बाहेर स्वच्छ पाण्यात त्या चालीला मागे सोडलेल्या गळाला सुरमई किंवा कुपा लागू शकतो. खडकांजवळ नांगर टाकून कोळंबीचे आमिष लावले तर तांब मिळते. यात आनंद आहे, नाही असे नाही. पण चौदांपैकी पाच फेऱ्यांत आमची टोपली कोरडी राहिली. सर्वांत चांगल्या दिवशी सहा किलो सुरमई मिळाली. बाजारात ती चार-पाच हजारांत आली असती. मासे विकण्याचा विचार असेल तर तो सोडावा. त्यासाठी १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली परवाना लागतो, आणि मासेमारी हा पूर्ण वेळचा कष्टाचा धंदा आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, हेही लक्षात ठेवावे.

सुरक्षिततेत काटकसर करू नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि अनेकांचे प्राण गेले. जीवरक्षक जाकीट बोटीत असून चालत नाही, अंगावर हवे. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येकाजवळ असावा. नोव्हेंबर २००८ चा हल्ला समुद्रमार्गे झाला, तेव्हापासून किनाऱ्यावर तपासणी कडक आहे. बोटीचे कागद आणि प्रत्येकाचे ओळखपत्र बरोबर ठेवावे आणि निघताना कोठे जातो ते किनाऱ्यावर सांगून जावे.

भागीदारीचा धडा

पैशाचे नुकसान आम्ही पचवले. खरा घाटा दुसऱ्या ठिकाणी झाला.

तिघांत कागद झाला नव्हता. दोस्तीत कागद कशाला, असे आम्हीच म्हणालो होतो. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि आमच्या फर्निचरवाल्या मित्राचा कारखाना बंद पडला. कारागिरांचे देणे अंगावर आले. उन्हाळ्यात त्यांनी फोन करून आपले दोन लाख आणि दुरुस्तीतील हिस्सा परत मागितला. आम्ही दोघे म्हणालो, बोटीची आजची किंमत तेवढी नाही, विकली की तिसरा हिस्सा देऊ. ते म्हणाले, मी गरजेला मागतो आहे. आम्ही म्हणालो, हिशेब हिशेबाच्या जागी. दोन्ही बाजूंना आपण बरोबर आहोत असे वाटत होते, आणि कोण बरोबर ते दाखवणारी एक ओळही कोठे लिहिलेली नव्हती. सव्वा वर्ष ते आमच्या दुकानावरून मान खाली घालून जात. दोन ईद भेटीविना गेल्या.

ऑक्टोबर २०२१ मध्ये बोट ३,१०,००० रुपयांना विकली. आम्ही दोघांनी ८०,००० प्रमाणे घेतले आणि दीड लाख त्यांच्या घरी नेऊन दिले. त्यांनी चहा पाजला. आता सलाम-दुवा आहे, लग्नकार्याला येणे-जाणे आहे. पूर्वीची रात्रीची बैठक मात्र परत जमली नाही.

उधारीचा व्यवहार आपण दुकानात लिहून ठेवतो आणि दोस्तीत विसरतो. भागीदारीत बोट घेणाऱ्यांनी निदान एवढे तरी कागदावर आणावे : कोणाचा हिस्सा किती, दरमहा प्रत्येकाने किती भरायचे, कोणता रविवार कोणाचा, किती रकमेवरील दुरुस्तीला सर्वांची संमती लागेल, अपघात ज्याच्या हातून झाला त्याची जबाबदारी किती, एखादा भागीदार वारला तर त्याच्या वारसांना काय, आणि सर्वांत महत्त्वाचे, कोणाला निघायचे झाल्यास किंमत कोण ठरवील आणि पैसे किती महिन्यांत मिळतील. हे शेवटचे कलम आम्ही लिहिले असते तर एक दोस्ती वाचली असती.

शेवटचा भागाकार

तीन मोसमांत खरेदी, दुरुस्ती आणि सांभाळ मिळून आमचे ११,६७,००० रुपये गेले. विक्रीचे वजा करता ८,५७,००० उरले. एकूण फेऱ्या अठ्ठावीस. म्हणजे एका फेरीला तीस हजारांहून अधिक.

म्हणून आमचा सल्ला असा. पहिला एक मोसम बोट तांडेलासह भाड्याने घ्यावी आणि प्रत्येक फेरीची तारीख वहीत मांडावी. मोसमाअखेर बाराहून कमी तारखा दिसल्या तर भाड्याचीच बोट बरी. जास्त दिसल्या आणि ओढ कायम राहिली तर कागद करून भागीदारीत घ्यावी. धंद्याचे भांडवल किंवा उसने पैसे यात मुळीच घालू नयेत.

आम्ही स्वतः आता महिन्यातून एखाद्या रविवारी भाड्याची बोट करतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या त्या फर्निचरवाल्या मित्रालाही बोलावले होते. ते आले. गळाला काही लागले नाही, पण संध्याकाळपर्यंत दोघे एका बाकावर बसून होतो.