कोटणीसांच्या गावातून परदेशी सेवेला निघताना

सोलापुरात परदेशी सेवेचा विषय निघाला की डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव येतंच. १९३८ साली जपानशी झुंजणाऱ्या चीनमध्ये ते जखमींवर उपचार करायला गेले आणि १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच वारले. भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक पाहून आलेली मुलं विचारतात, "सर, आम्हाला जमेल का?" अशा मुलांचे अर्ज भरून घेताना जे उमगलं, ते सांगतो.

१. आधी नाव एकसारखं करा.
शहराच्या पूर्व भागातल्या एका विद्यार्थिनीचं तेलुगू आडनाव जन्मदाखल्यावर एका स्पेलिंगचं, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या, आधारवर तिसऱ्या. पासपोर्टचं घोडं तिथंच अडलं. निवड झाल्यावर हे निस्तरायला वेळ उरत नाही. बारावीच्या सुट्टीतच कागद दुरुस्त करून पासपोर्ट काढून ठेवा.

२. खर्च कोण करणार, ते लेखी घ्या.
त्याच विद्यार्थिनीची आई घरी विड्या वळते, वडील यंत्रमागावर. हातात येणारी रोख रक्कम किराणा आणि भिशीतच जिरते. व्हिसासाठी मात्र बँक स्टेटमेंट लागतं. कष्टाची कमाई कागदावर दिसत नाही, म्हणून कितीतरी गुणी मुलं मागं राहतात, याचं मला फार वाईट वाटतं. बोलावणाऱ्या संस्थेकडून प्रवास, राहणं, जेवण, विमा अशी एकेक बाब नोंदवलेलं पत्र मागून घ्या.

३. सेवा विनामोबदला असली, तरी व्हिसा योग्यच हवा.
"टुरिस्ट व्हिसावर या, कोणी विचारत नाही" म्हणणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. देशागणिक नियम वेगळे. ब्रिटनमध्ये व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत फार तर ३० दिवस स्वयंसेवा करता येते. आफ्रिकेतल्या अनेक देशांसाठी पिवळ्या तापाची लस लागते, आणि तिचं प्रमाणपत्र दहा दिवसांनंतरच ग्राह्य धरतात.

४. आधी फी मागणाऱ्याला दहा प्रश्न विचारा.
संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात अर्जाला फी नाही, उलट निवड झालेल्यांना निर्वाहभत्ता मिळतो. अठरा वर्षांपुढच्या कुणालाही घरी बसून ऑनलाइन स्वयंसेवाही करता येते. आधी तिथं काम करा, अनुभव गाठीला बांधा.

५. हातात कसब हवं.
नुसत्या तळमळीवर कुणी बोलवत नाही. कोटणीस मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले होते. चिनी भाषा ते तिकडं जाऊन शिकले. आमची मुलं मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदीत सहज वावरतात. त्यांना नवी भाषा जड जाणार नाही. सराव लागतो तो इंग्रजी मुलाखतीचा.

६. घरच्यांना सोबत घ्या.
"पोरगी एकटी कुठं राहणार? आजारी पडली तर?" आईचे हे प्रश्न रास्त आहेत. त्याच विद्यार्थिनीच्या आईचं बोलावणाऱ्या संस्थेच्या समन्वयक बाईंशी व्हिडिओ कॉलवर बोलणं करून दिलं. मुलगी मधे बसून दुभाषी झाली. आईनं झोपायची खोली बघितली, दाराला आतून कडी आहे का विचारलं, आणि मग होकार दिला.

७. जाणाऱ्याच्या मागं गाव उभं लागतं.
कोटणीस एकटे गेले नाहीत. चीनकडून मदतीची हाक आली होती. सुभाषचंद्र बोस अध्यक्ष असलेल्या काँग्रेसनं पथक उभं केलं, लोकांनी निधी दिला, तेव्हा पाच डॉक्टर निघाले. नागपूरचे डॉ. चोळकर त्यांतलेच. आजच्या मुलाला तिकीट, व्हिसा, विमा सगळं एकट्यानं पेलावं लागतं. शहरातल्या डॉक्टरांनी, कारखानदारांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी एक प्रवासनिधी उभारावा, दरवर्षी निदान एका गरजू मुलाला किंवा मुलीला पाठवावं. कोटणीसांच्या जयंतीला, १० ऑक्टोबरला, हाराबरोबर या निधीची पावतीही फाडूया.