आजीचं लुगडं मागायला कोणी आलं तर

जुन्या कपड्यांचं वेड असलेली मुलगी बरोबर असली की घरच्यांचा प्रवास लांबतो. आम्ही वसईचे ख्रिस्ती. सुट्टी लागली की पप्पांच्या यादीत आधी तीर्थक्षेत्रं: वेलंकनी, केरळातली जुनी चर्चेस, २०२४ च्या डिसेंबरात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवदर्शनासाठी जुनं गोवं. पप्पा वेदीकडे बघतात, मी धर्मगुरूंच्या झग्यावरच्या भरतकामाकडे. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयातून तर मम्मीने मला अक्षरशः ओढून बाहेर काढलं. ‘अगं, मिस्सा चुकेल!’

ही हौस मला आहे हे ठाऊक असल्यामुळे जुने कपडे सांभाळायचे कसे, असं नात्यातले लोक मला विचारतात. त्यांना मी एका लुगड्याची गोष्ट सांगते. नात्यातल्या एका आजींचं लाल लुगडं सांस्कृतिक कार्यक्रमासाठी मागून नेलं होतं. परत आलं ते पावडरीत धुऊन, कडक इस्त्री करून. नेणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण नाचताना सुटू नये म्हणून कमरेला आणि खांद्यावर पिना खोचल्या होत्या, आणि पिनेच्या प्रत्येक भोकापासून कापड उसवत गेलं होतं. इतक्या जुन्या सुताला ताण सोसत नाही. लाल रंगही काठात उतरला होता.

मला खरी टोचली ती पिनांची गोष्ट. आजी त्याच लुगड्यात शेतात वाकायच्या, डोक्यावर पाटी घेऊन बाजारात जायच्या, आणि पिनेची गरज त्यांना कधी पडली नाही. गाठ कुठे मारायची, काठ कुठे खोचायचा हे नाचणाऱ्या पोरींना कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून पिना आल्या. आणि आजी तेव्हा हयात नव्हत्या.

तेव्हापासून प्रवासात मी कापडाआधी हात बघते. केरळात सिरियन ख्रिस्ती म्हाताऱ्या बायका अजून क्वचित चट्टा-मुंडू नेसलेल्या दिसतात. सगळं पांढरं, आणि मुंडूच्या मागच्या बाजूला चुण्यांचा पंखा. फोटोत तो पंखा छान येतो, पण चुण्या कुठून धरायच्या, किती घ्यायच्या, वर कशा अडकवायच्या, यातलं काही फोटोत येत नाही. मिस्सा संपल्यावर एका आजींना त्यांच्या नातीकरवी विचारलं, तर हसत हसत त्यांनी ओढणीवरच घडी घालून दाखवली. तेव्हा परवानगी घेऊन हातांचा व्हिडिओ काढा. चेहरा नको म्हणाल्या तर नको. आणि प्रार्थना चालू असताना मोबाइल बाहेर काढू नका, कपडा कितीही दुर्मीळ असो.

गोव्यात विचारताना जरा जास्त सबुरी लागते. १७३६ साली पोर्तुगिजांच्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायालयाने, फर्मान काढून ख्रिस्ती बायकांना चोळी घालायला आणि पुरुषांना धोतर नेसायला बंदी केली होती. त्यामुळे मांडो हा गोव्यातला नाच नाचताना घालायचा पानो भाजू हा पोशाख अभिमानाने दाखवणारं घर पणजीने काय नेसलं होतं या प्रश्नावर गप्प होऊ शकतं. खोदून विचारू नये. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांचं २०१२ चं ‘मोडा गोवा’ हे पुस्तक आधी चाळून गेलात तर निम्मे प्रश्न विचारावेच लागत नाहीत.

घरचं काही जुनं असेल तर आमच्या कोकणच्या हवेत प्लास्टिकची पिशवी हा त्याचा पहिला शत्रू: दमट हवा आत कोंडते आणि बुरशी धरते. धुतलेल्या मलमलीत गुंडाळा, वर्षातून दोन-तीनदा घडी बदला, नाहीतर कापड घडीवरच चिरतं. खऱ्या जरीजवळ डांबरगोळ्या नकोत, अत्तर तर नकोच. भिंतीवर काचेत लावायची हौस असेल तर संग्रहालयात अशा कापडावर जेमतेम पन्नास लक्स उजेड पडू देतात, हे लक्षात ठेवा. आपल्या दिवाणखान्यात दुपारी त्याच्या कितीतरी पट असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा युरोपी रेशमी झगा कुणाकडे निघाला तर अंगावर चढवूनही बघू नका. वजनदार वाटावं म्हणून त्या काळी रेशमाला कथिलाचे क्षार पाजत, आणि असं रेशीम नुसत्या पेटीत पडूनही तडकतं. जुनी जरी विकत घेणारा दारात आला तर त्याला फक्त चांदी हवी असते, कापड तो जाळतो. पैशांची नड असेल तर जरूर विका, पण आधी काठाचा आणि पदराचा फोटो काढा, लांबी-रुंदी लिहून ठेवा.

आणि कार्यक्रमाला कुणी जुनं लुगडं मागायला आलं तर? सरळ नाही म्हणायला जड जातं, शेवटी पॅरिशचीच मंडळी असतात. मी नवं विणलेलं देते. रॉड्रिक्स यांनी गोव्यातली चौकडीची कुणबी साडी पुन्हा विणून घेतली, ती अंगावर वापरण्यासाठीच. चौकडीच्या मापासकट नमुना दिला की हातमागवाले विणून देतात, फक्त घाई करायची नाही. ते नवं लुगडं देताना नेसवायला मी स्वतः जाते, पिना घरी ठेवून. आणि हो, नवा लाल रंग पहिल्या दोन-तीन धुण्यांत जातोच, तेव्हा आधी वेगळं धुऊन मगच द्या.