मुलाच्या हाती पेन्सिल केव्हा द्यावी?

‘पोर तीन वर्षांचं झालं, अजून क-ख लिहीत नाही,’ ही काळजी वस्तीतल्या अनेक माता बोलून दाखवतात. ज्यांच्या आजी-पणजीला पाटीला हात लावू दिला नाही, त्यांना मुलाच्या शिक्षणाची घाई असणारच. पण शरीराचेही एक वेळापत्रक असते.

जन्मतः बाळाच्या मनगटातील हाडे मऊ कूर्चेची असतात. ती टणक व्हायला अनेक वर्षे लागतात. बोटांचे बारीक स्नायूही सावकाश बळ धरतात. साधारण तिसऱ्या वर्षी मूल पाहून गोल काढते, चौथ्या वर्षी अधिकचे चिन्ह, पाचव्याच्या आसपास चौकोन व त्रिकोण. त्याआधी पानेच्या पाने गिरवून घेतली, तर हात दुखतो, पेन्सिल मुठीत आवळण्याची सवय लागते आणि वहीची धास्ती बसते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही ३ ते ६ वर्षे खेळातून शिकण्याची मानली आहेत.

वाचनाची सुरुवात मात्र कानापासून होते. त्याला वयाची अट नाही.

३ वर्षांपर्यंत : भरपूर बोला, गोष्टी सांगा, गाणी म्हणा. आईला वाचता येत नसले तरी हे जमते.

३ ते ५ वर्षे : अंगणवाडीत पाठवा. घरी कणकेचे गोळे, मटार सोलणे, कपड्यांचे चिमटे लावणे यांतून बोटे तयार होतात. बारीक वस्तू देताना जवळ बसा. चित्रे दाखवत पुस्तक वाचा. बसचा नंबर, स्टेशनवरच्या पाटीतला ‘घाटकोपर’चा ‘घ’ ओळखायला लावा.

५ ते ६ वर्षे : आधी रेघा, गोल, अर्धगोल; मग ग, म, भ, न. रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेत. जाड खडू आणि पाटी चांगली.

६ वर्षांनंतर : पहिलीत शब्द व वाक्ये. अक्षर वळणदार व्हायला वेळ लागतो, त्यासाठी मारू नका. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताची सक्ती करू नका.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

• मूल पुस्तक डोळ्यांजवळ धरते किंवा डोळे बारीक करते : डोळे तपासा. घाटकोपरचे राजावाडी, जुहूचे कूपर ही पालिकेची रुग्णालये आहेत.
• हाक ऐकत नाही, बोलणे उशिरा आले : कान तपासा.
• पाटीची पेन्सिल किंवा माती खाते : रक्त कमी असू शकते. हिमोग्लोबिन तपासून घ्या.
• आठव्या वर्षीही अक्षरे जुळत नाहीत, पण बाकी हुशार आहे : तो आळस नसेल, अध्ययन अक्षमता असू शकते. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात तिची तपासणी होते.

वर्षभर उशिरा लिहिणारे मूल मागे पडत नाही. पुस्तकाला घाबरणारे पडते. म्हणून आज रात्री जेवणानंतर मोबाईल बाजूला ठेवा आणि लेकराला एक गोष्ट सांगा. शिकण्याची सुरुवात तिथूनच होते.