हडकुळी आहेस म्हणून बेफिकीर राहू नकोस

बरं झालं, स्पष्टच विचारलंस, "ताई, मी एवढी हडकुळी, मले काहून होईन शुगर?" अंजनगाव सुर्जीत तुझ्यासारखं म्हणणाऱ्या पुष्कळ आहेत. तुला आता दिवस गेलेत, म्हणून बैजवार सांगते.

खाल्लेल्या अन्नाची साखर होऊन ती रक्तात येते. तिला पेशींत पोचवतं इन्सुलिन. आपल्या पानमळ्यात दांडातलं पाणी वाफ्यात वळवणारा गडी असतो ना, तसं. शुगरच्या, म्हणजे मधुमेहाच्या, टाइप १ प्रकारात हा गडीच उरत नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते. हा आजार अनेकदा लहान वयात होतो. इन्सुलिन टोचून घ्यावंच लागतं, आणि त्यात आईबापाचा काही दोष नसतो. टाइप २ मध्ये गडी आहे, पण वाफ्यांची तोंडं बुजलेली. तो दुप्पट राबतो आणि काही वर्षांनी थकतो. तोवर अनेकांना कळतही नाही.

तिसरा गर्भारपणातला. वारेतून येणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा जोर कमी पडतो. बाळंतपणानंतर बहुतेकींची साखर उतरते, पण पुढं टाइप २ चा धोका मागं लागतो.

आता तुझा हडकुळेपणा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायांचा अभ्यास केला. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्पटनची ३.५ किलोची. आपली बाळं मांसानं कमी, पण चरबी त्या मानानं टिकून. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिकांनी स्वतःचीच तुलना इंग्लंडमधल्या डॉ. जॉन युडकिन यांच्याशी मांडली : दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. वजनकाटा ही चरबी दाखवत नाही, आणि पोटातली चरबीच इन्सुलिनला अडवते.

म्हणून काट्यावर विसंबू नकोस. सरकारी दवाखान्यात जा, ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पी, दोन तासांनी रक्त दे. १४० किंवा जास्त आलं तर घाबरू नको. पुष्कळ जणींचं आहार आणि चालण्यानं भागतं, नाही तर औषध आहे. आता नीट निघालं तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा तपास. आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी एकदा तपासायला विसरू नको, बाळाच्या लसीच्या गडबडीतही.