आम्ही पाऊस मोजला
(इयत्ता सातवी – परिसर उपक्रम)



कापड मीटरवर मोजतात, दूध लिटरवर मोजतात, तसा पाऊसही मोजता येतो. यंदा जून महिन्यात आमच्या वर्गाने तो रोज मोजला. कसा मोजला, आकडे काय आले आणि त्यांचा आपल्या गावाला काय उपयोग, ते या लेखात सांगतो.

आपल्या शाळेच्या व्हरांड्यात रोजच्या बातम्यांचा फळा आहे. त्यावर पाळीने एकेक जण बातमी लिहितो. ‘आज एस.टी. उशिरा आली’, ‘पाचवीतल्या एका मुलीच्या घरी म्हैस व्याली’, अशा बातम्या असतात. मे महिन्याच्या शेवटी वळवाचा पाऊस झाला होता. शाळा उघडायच्या आधी फळा पुसायला आम्ही काही मुलं गेलो, तेव्हा कोणीतरी त्यावर लिहून ठेवलं होतं, ‘काल खूप पाऊस पडला.’ गुरुजींनी खालीच खडूने प्रश्न लिहिला, ‘खूप म्हणजे किती?’ उत्तर कोणाकडेच नव्हतं. तिथून हा उपक्रम निघाला.

साहित्य : थंड पेयाची दोन लिटरची सरळ अंगाची प्लॅस्टिक बाटली, कात्री, मोजपट्टी, चिकटपट्टी, बारीक खडे, चार-सहा विटा.

कृती : बाटलीचा वरचा निमुळता भाग जिथे संपतो, तिथे ती कापावी. कापलेला भाग बूच काढून उलटा करावा आणि खालच्या भागात नरसाळ्यासारखा बसवावा. नरसाळ्यामुळे साठलेलं पाणी उन्हाने लवकर उडून जात नाही. बाटलीचा तळ खाली-वर असतो, म्हणून तळाशी खडे घालून ते बुडेपर्यंत पाणी ओतावं. त्या पाण्याच्या रेषेवर मोजपट्टीचा शून्य येईल अशी पट्टी बाहेरून चिकटवावी. झाला पर्जन्यमापक!

हा मापक उघड्यावर ठेवायचा. भिंत किंवा झाड जवळ नको, नाहीतर वाऱ्याचा पाऊस अडतो आणि पानांवरचं पाणी आत पडतं. आम्ही तो शाळेच्या पटांगणाच्या कडेला ठेवला. तिसऱ्याच दिवशी एका शेळीने तो पाडला. नशीब, त्या दिवशी आभाळ कोरडं होतं. मग भोवती विटा रचून तो पक्का केला.

भारतीय हवामान खातं १८७५ साली स्थापन झालं. त्यांच्या केंद्रांवर सकाळी साडेआठ वाजता मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजतात. सगळीकडे वेळ एकच असली म्हणजे एका गावाचा आकडा दुसऱ्या गावाच्या आकड्याशी ताडून बघता येतो. आम्हीही तीच वेळ धरली. शाळेजवळ राहणाऱ्या सहा जणांनी पाळ्या लावून घेतल्या.

एक शंका : सहावीतला एक मुलगा म्हणाला, “मोठं भांडं ठेवलं तर त्यात जास्त पाऊस पडंल की!” गुरुजी म्हणाले, “ठेवून बघा.” आम्ही मापकाशेजारी दोन डबे ठेवले, एक दूध पावडरीचा लहान डबा आणि एक तेलाचा चौकोनी मोठा डबा. २५ जूनला सकाळी तिन्हीत पट्टी घातली. तिन्हीत १८ मिलिमीटर! मोठ्या डब्यात पाणी लिटरने जास्त होतं, पण त्याचा तळही तेवढाच मोठा, म्हणून पाण्याची उंची सारखीच राहिली. पाऊस मोजायचा म्हणजे ही उंची मोजायची. भांडं मात्र खालपासून वरपर्यंत सरळ हवं. कळशीचं तोंड लहान आणि पोट मोठं, त्यामुळे कळशीत पाऊस मोजता येत नाही.

निरीक्षण (जून महिना) :

९ जून – ३१ मि.मी.
१० जून – ४ मि.मी.
११ ते २४ जून – टिपूस नाही
२५ जून – १८ मि.मी.
२६ जून – पाऊस नाही
२७ जून – २४ मि.मी.
२८ जून – ९ मि.मी.
एकूण – ८६ मि.मी.

आता या आकड्यांमागची गोष्ट ऐका.

आठ जूनच्या रात्री मृगाचा पहिला पाऊस आला. विजा कडाडल्या, ओढ्याला पाणी आलं. सकाळी पारावर माणसं म्हणत होती, “ढगफुटी झाली, ढगफुटी!” आमच्या मापकात ३१ मिलिमीटर पाणी होतं. एका तासात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर हवामान खातं त्याला ढगफुटी म्हणतं. आणि खरीप पेरणीसाठी कृषी खातं दरवर्षी सांगतं की, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. कारण बी उगवायला थोडी ओल पुरते. पण उगवल्यावर पावसाने ताण दिला, तर रोपाला जगायला मुळाखाली ओल साठलेली लागते.

मी हा आकडा घरी सांगितला. आमच्या वडिलांनी बाजरीचं बियाणं आणून ठेवलं होतं आणि पाभर दुरुस्त करून घेतली होती. ते म्हणाले, “मापात किती पडला ते ठीक, रानात किती मुरला ते कोण सांगणार?” आजी म्हणाली, “आभाळाकडं बघू नगं, रानात खुरपं घाल.”

मी हे वर्गात सांगितलं. गुरुजींना ते फार आवडलं. दहा तारखेला आम्ही तीन ठिकाणी खणून ओल बघितली. माळाच्या उतारावर ओल चार बोटं होती. मधल्या सपाट रानात वीतभर होती. बांधालगत, जिथे पाणी थांबलं होतं, तिथे दीड वीत होती. पाऊस तिन्ही ठिकाणी एकच पडला होता. उतारावरचं पाणी ओढ्याला गेलं, बांधाजवळचं जमिनीत गेलं.

म्हणजे वडिलांचा प्रश्न बरोबर होता. मापक पडलेला पाऊस सांगतो, खुरपं मुरलेला पाऊस सांगतं. शेतकऱ्याला दोन्ही लागतात.

त्या आठवड्यात गावातल्या काही लोकांनी वाफसा येताच पेरलं. काही थांबले. आमचे वडील थांबले, चुलत्यांनी पेरलं. दोघांत थोडी बोलाचालीही झाली. पुढे चौदा दिवस पाऊस आला नाही. चुलत्यांचं बांधालगतचं पीक तगलं, पण माळावरचं उगवलेलं सगळं करपलं. तिथे त्यांना दुबार पेरणी करावी लागली. बियाणं दुसऱ्यांदा आणावं लागलं, खताचे पैसे वाया गेले आणि मजुरीही दुसऱ्यांदा पडली. २७ जूनला आमची बेरीज ७७ झाली. रानात सगळीकडे वीतभराच्या वर ओल होती. वाफसा झाल्यावर वडिलांनी पेरलं.

आमच्या आकड्यामुळे वडील थांबले, असं मी म्हणणार नाही. त्यांना शेतीचा अनुभव आहे. पुढे पाऊस येणार की नाही, हे पर्जन्यमापक सांगत नाही. तो फक्त झालेलं सांगतो. पण आता पारावर ‘लई पडला’ आणि ‘कुठं पडला?’ असा वाद निघाला की कोणीतरी म्हणतं, “शाळेच्या फळ्यावर बघून या.” चुलतेही आता येता-जाता फळा वाचतात.

आपल्याकडे पाऊस कमी का? आपला माण तालुका आणि महाबळेश्वर एकाच सातारा जिल्ह्यात आहेत. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आपल्याकडे पाचशेच्या आसपास. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. डोंगराच्या पूर्वेला वारा पोचतो, पण त्यात पाणी थोडंच उरतं. याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. सह्याद्री काही आपल्याला हलवता येत नाही, पण पडलेला पाऊस अडवता येतो. २०१८ साली आपल्याच तालुक्यातल्या टाकेवाडीच्या लोकांनी श्रमदानाने पाणी अडवण्याची कामं केली आणि पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला.

मिलिमीटरचे लिटर : हे गणित सोपं आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर बरोबर एक लिटर पाणी होतं. एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. म्हणजे दहा मिलिमीटर पावसाने एका एकरावर चाळीस हजार लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे चार टँकर! उन्हाळ्यात आपण एका टँकरसाठी हंडे घेऊन रांगेत उभे असतो, हे आठवा.

मग आम्ही शाळेचा पत्रा मोजला. पत्र्यावर चढायचं नाही, खाली जमिनीवर टेप धरायचा, कारण पाऊस वरून सरळ जेवढ्या जागेवर पडतो तेवढीच जागा धरायची. लांबी १५ मीटर, रुंदी ६ मीटर, क्षेत्रफळ ९० चौरस मीटर.

९० × ८६ = ७७४० लिटर.

एकट्या जून महिन्यात एवढं पाणी पत्र्यावर पडलं आणि पटांगणात चिखल करून वाहून गेलं. पाचांतला एक हिस्सा उडण्या-सांडण्यात गेला असं धरलं, तरी ६१९२ लिटर उरतात. म्हणजे दोनशे लिटरची तीस पिंपं! आज आपल्या शाळेत संडास धुवायला पाणी पुरत नाही. मोठ्या मुली दुपारच्या सुट्टीत हापशावरून बादल्या आणतात. आवारातली लिंबाची रोपं दोन उन्हाळे जळाली.

पालकांना आमच्या वर्गातर्फे विनंती आहे. पत्र्याच्या कडेला पन्हळ बसवायची आहे आणि खाली टाकी हवी आहे. कोणाकडे जुना पाइप, पत्र्याची पट्टी किंवा चांगलं पिंप पडून असेल तर शाळेत द्यावं. गवंडीकाम आणि लोहारकाम जाणणाऱ्यांनी एक दिवस हात लावावा. आपल्याकडे बराचसा पाऊस सप्टेंबरात येतो, तेव्हा त्याआधी हे काम व्हावं. पहिल्या पावसाचं पाणी पत्र्यावरची धूळ आणि घाण घेऊन येतं, ते सोडून द्यावं. हे पाणी धुण्यासाठी आणि झाडांसाठी वापरायचं आहे, पिण्यासाठी नाही.

स्वाध्याय :

१) आपल्या घराच्या पत्र्याची किंवा कौलांची लांबी-रुंदी जमिनीवर मोजा. २० मि.मी. पावसात त्यावर किती लिटर पाणी पडेल?

२) पुढच्या पावसानंतर घरच्या मोठ्या माणसांबरोबर रानात जा आणि तीन ठिकाणी ओल बघा. किती बोटं, किती विती, ते वहीत लिहा.

३) आजी-आजोबांना १९७२ च्या दुष्काळाविषयी विचारा. तेव्हा पाणी कुठून आणत, ते पाच ओळींत लिहून वर्गात आणा.

४) पाऊस पडला नाही, त्या दिवशीही फळ्यावर शून्य लिहावा लागतो. का?