गाणारे शेतावर का गेले?

आजचा शास्त्रभाग : नहेम्या १३:१०–१३



नहेम्या काही काळ राजाकडे गेला होता. परत यरुशलेमेत येऊन बघतो तर मंदिरात सेवा करणारे लेवी आणि गाणारे जागेवर नाहीत. त्यांचे वाटे कोणी दिलेच नव्हते, म्हणून जो तो आपापल्या शेतावर निघून गेला होता.

आता नहेम्या कोणावर रागावला ते बघा. गाणाऱ्यांवर नाही! तुमची भक्ती कमी पडली, असं तो त्यांना एका शब्दानेही म्हणत नाही. देवाचं घर असं का टाकून दिलं, हा जाब तो अधिकाऱ्यांना विचारतो. दहाव्या अध्यायाच्या शेवटी याच लोकांनी देवाचं घर टाकणार नाही असा करार केला होता. आणि याच अध्यायात थोडं वर, ५ व्या वचनात, कळतं की ज्या मोठ्या खोलीत लेवी, गाणारे आणि द्वारपाळ यांचं धान्य, द्राक्षारस, तेल ठेवायचे, ती खोली तोबीयाला देऊन टाकली होती.

मी पूर्वी ज्या मंडळीत जायचो तिथे एक मुलगा कीबोर्ड वाजवायचा. संगीत हाच त्याचा व्यवसाय. क्लास, लग्नं, रेकॉर्डिंग. डिसेंबर म्हणजे त्याचा कमाईचा महिना, आणि तोच महिना कॅरल, नाताळ, वॉचनाइट आणि त्यांच्या सरावात जायचा. एकदा त्याने निदान सरावाचे काहीतरी द्या म्हटलं, तर कमिटीतले एकजण म्हणाले, "देवाची सेवा विकतात का?" त्याच मीटिंगमध्ये मंडप आणि साउंडवाल्याचं बिल चर्चेशिवाय पास झालं. पुढे तो रविवारी एका हॉटेलात वाजवायला लागला. तो विश्वासात मागे पडला, असं लोक म्हणतात. मला वाटतं, तो शेतावर गेला.

मी स्वतः उपासनेत गिटार वाजवतो, पैसे घेत नाही, घेणारही नाही. पण माझं घर कोडिंगवर चालतं. पगार दोन दिवस उशिरा झाला तर आपण एचआरला किती मेल टाकतो ते आठवा! पौलाचं उदाहरण इथे हमखास दिलं जातं, की तो तंबू शिवून पोट भरायचा. पण १ करिंथ ९ नीट वाचा. वेदीची सेवा करणाऱ्याचा वेदीवरच्या वाट्यात हक्क आहे, हे तो आधी सविस्तर मांडतो आणि मग सांगतो की मी तो हक्क वापरला नाही. सोडला तो त्याने स्वतः. करिंथच्या मंडळीने त्याच्या वतीने ठराव करून सोडला नव्हता.

पाकीट आलं की उपासनेचा 'प्रोग्राम' होतो, ही भीती अगदीच खोटी नाही. घड्याळाकडे बघत वाजवणारेही पाहिलेत. पण पाळकसाहेबांना मानधन मिळतं म्हणून त्यांची प्रार्थना विकाऊ आहे असं आपण म्हणत नाही. लायप्झिगच्या चर्चचा पगारी संगीतकार बाख आपल्या रचनांखाली 'गौरव फक्त देवाला' अशा अर्थाची लॅटिन अक्षरं लिहायचा. त्याच बाखने १७३० मध्ये मित्राला पत्रात तक्रार केली की हवा चांगली असल्याने अंत्यविधी कमी झाले आणि माझी मिळकत घटली. (हसू येतं, पण घरात मुलं किती होती बघा!)

नहेम्याने गाणाऱ्यांना परत आणून जागेवर उभं केलं, आणि वाटप करायला विश्वासू समजली जाणारी माणसं नेमली. वचनात त्यांची नावं आहेत. गुपचूप खिशात पाचशेची नोट कोंबण्यापेक्षा हे वेगळं आहे. तुमच्या मंडळीचं वार्षिक बजेट येईल तेव्हा संगीताच्या ओळीत फक्त माइक आणि केबल आहेत की माणूसही आहे, ते खजिनदारांना विचारा. ज्याला नको असेल तो स्वतःच्या हाताने दानपेटीत टाकेल.

उद्या १५ व्या वचनापासून पुढे.