शाळा कुठली? वसईच!

इथे भरणाऱ्या आपल्या दोन दिवसांच्या संमेलनासाठी शहर परिचय लिहायचं काम मंडळाच्या बैठकीत माझ्या गळ्यात पडलं तेव्हा मी आधीच सांगितलं, की मला इतिहासाचं पान लिहिता येणार नाही. मला वसई-विरार माहीत आहे ते मुलाचा हात धरून फिरल्यामुळे. दुसरीनंतर आमचा मुलगा शाळेत गेला नाही. घरीच शिकतो. 'घरी' हा शब्द मात्र फसवा आहे, कारण आमची निम्मी शाळा घराबाहेरच भरते.

पाहुण्यांसाठी आधी पत्ता सांगते. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा नदी, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर. मधे पश्चिम रेल्वेची चार स्टेशनं: नायगाव, वसई रोड, नालासोपारा, विरार. ३ जुलै २००९ ला चार नगरपालिका आणि गावं मिळून महानगरपालिका झाली, १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेतच आम्ही बारा लाखांवर होतो. विरार लोकलच्या गर्दीबद्दल मी काही लिहीत नाही, तुम्ही येताना अनुभवालच.

मुलाला शाळेतून काढलं त्या वर्षी जिन्यात भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, "वहिनी, आता कुठल्या शाळेत घातलंत?" उत्तर ऐकलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी काळजी यायची, मग सल्ला. एका स्पर्धेच्या फॉर्मवर 'शाळेचे नाव' ही चौकट रिकामी ठेवली, तर खिडकीमागच्या बाईंनी फॉर्म परत केला. "मॅडम, काहीतरी लिहा हो. कम्प्युटर घेत नाही." मुलानं 'वसई' असं लिहिलं. कम्प्युटरनं घेतलं.

चुकून का होईना, ते उत्तर बरोबर होतं.

नालासोपाऱ्याचा स्तूप घ्या. गावात त्याला बुरुड राजाचा कोट म्हणायचे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला, तेव्हा आत दगडी पेटी सापडली, तिच्यात एकात एक बसवलेले करंडक आणि आठ छोट्या बुद्धमूर्ती. अशोकाच्या आठव्या आदेशाचा तुकडाही त्यांना सोपाऱ्यातच मिळाला. तो आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. 'एकात एक डबे' हे ऐकून आमच्या चिरंजीवांनी घरातले सगळे स्टीलचे डबे काढून एकात एक घालून पाहिले. सहावा बसेना. पण मला सांगायचंय ते भगवानलालांबद्दल. जुनागढचा हा मुलगा गिरनारच्या शिलालेखाशेजारी वाढला. ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेपनं केलेला अक्षरांचा तक्ता हाती पडला, त्यावरून ती जुनी लिपी स्वतःच शिकला. पुढे मुंबईला विद्वान डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे आला. इंग्रजीत लिहिणं भगवानलालांना जमत नसे. ते लिहीत गुजरातीत, इंग्रजीत उतरवत दुसरे लोक. हॉलंडच्या लायडन विद्यापीठानं त्यांना मानद डॉक्टरेट दिली. 'शाळेशिवाय पुढे काय?' हा प्रश्न आला की मी हल्ली वाद घालत नाही, सोपाऱ्याला चला म्हणते.

वसईचा किल्ला तर सगळ्यांना माहीत. मे १७३९, चिमाजी अप्पा, पोर्तुगीजांची शरणागती, इथल्या चर्चमधून मराठ्यांनी नेलेल्या घंटा (नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली त्यांपैकीच एक), मग ३१ डिसेंबर १८०२ चा पेशवे-इंग्रजांमधला वसईचा तह. हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे. पुस्तकात नाही ती फ्रान्सिस्कन चर्चची फरशी. तिच्यात थडग्यांचे दगड बसवलेत, त्यांवर पोर्तुगीज लेख कोरलेत. पोरगं पोटावर पडून बोटानं अक्षरं गिरवत सालं वाचायचं आणि चालू वर्षातून वजा करायचं. चार अंकी हातच्याची वजाबाकी आम्ही अशी केली, वही नंतर आली. याच किल्ल्यात जेझुइटांकडे शिकलेला वसईचा गोन्सालो गार्सिया पुढे जपानला गेला, जपानी बोलायला शिकला, १५९७ मध्ये नागासाकीला मारला गेला आणि १८६२ मध्ये संत ठरला.

शिकवणारी माणसं इथे ठरवून शोधावी लागत नाहीत. आगाशीकडे राजेळी केळी सोलून उन्हात घालतात आणि त्यांची सुकेळी करून केळीच्या सुक्या पानांत बांधतात. तिथल्या एका आजींनी मुलाला आठवडाभर रोज बोलावलं आणि 'आज केळं काल होतं त्याहून किती बारीक झालं ते बघ' एवढंच शिकवलं. घरात सामवेदी बोलणाऱ्या मित्राकडून तो दुसरीच मराठी ऐकून आला आणि माझं व्याकरण दुरुस्त करायला लागला. अर्नाळ्याला बांबूच्या वलांडीवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीनं टांगतात. तिथे दोनचा पाढा झाला. आणि तिथल्याच एका तांडेल काकांनी पाऊणकी शिकवली. तिथीला पाऊणनं गुणायचं, की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, अष्टमीला आठ पाऊणे सहा. थोडंफार इकडे-तिकडे होतं, पण चालतं. "बाय, पोराला घड्याळ नको, कालनिर्णय दे," काका म्हणाले.

आता कागद. संमेलनाला येणारे काही आईवडील मला हेच विचारणार, म्हणून जरा सविस्तर. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १० मध्ये मुलाला शेजारच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय. न घातल्यास पालकांना दंड मात्र सांगितलेला नाही. होमस्कूलिंग हा शब्दही कायद्यात नाही. त्यामुळे आपण बेकायदा नाही आणि कुणाच्या यादीतही नाही, अशा मधल्या जागी असतो. म्हणून दहावीचा रस्ता आधी ठरवावा. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून चौदा पूर्ण झाल्यावर दहावी देता येते. मराठी माध्यमही आहे, विषय पाच, त्यात एक भाषा हवी, पाच वर्षांत नऊ संधी. सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. घरशाळेच्या मुलांना हे सगळ्यात सोयीचं. बाहेरून दहावीला बसण्यासाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म हा दुसरा रस्ता. पाचवी-आठवीसाठी राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही आहे. बालभारतीची पुस्तकं ऑनलाइन फुकट उतरवून घेता येतात. शाळा सोडताना दाखला हातात घ्यायला विसरू नका. आम्ही विसरलो होतो. तीन फेऱ्या पडल्या.

सोबतीचं काय? 'स्वशिक्षण' नावाची घरी शिकवणाऱ्या पालकांची देशभरची संघटना आहे. तिथल्या अनुभवी लोकांनी पहिल्या वर्षी धीर दिला. पण रोजचा आधार दूरचा असून चालत नाही. आमची इथली दोन-तीन घरं रविवारी किल्ल्यात जमतात. मुलं खेळतात, आया डबे उघडतात, गणित कुणाला नीट येतं आणि कुणाला येत नाही ते कबूल करतात. एकटेपणाची भीती मुलापेक्षा मलाच जास्त होती हे आता सांगायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. शाळा नको म्हणणं ही चैन आहे, आणि ती परवडणारी माणसं थोडी. याच तालुक्याच्या पूर्वेला वीटभट्ट्यांवर कामाला येणाऱ्या कुटुंबांची मुलं शाळा हवी असून शाळेबाहेर राहायची. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या 'विधायक संसद' या संस्थेनं १९९० च्या दशकात त्यांच्यासाठी भोंगाशाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी, शाळाच तिथे नेली. त्याच्याही आधी, १९४५ मध्ये, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आमच्याच जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या. अनुताई वाघांना बरोबर घेऊन त्यांनी पाड्यावर अंगणवाडी भरवली, पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा. विरारहून डहाणूची लोकल पकडून आम्ही कोसबाडच्या टेकडीवर गेलो होतो. मुलानं विचारलं, "गुरं चारता चारता शिकणारी ती मुलं शाळेत होती की घरी?" मला उत्तर देता आलं नाही.

तर या. सभागृहात बसून कंटाळा आला, तर संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अर्नाळ्याला होडीनं किल्ल्यात जाऊ. त्या दिवशी षष्ठी आहे. सहा पाऊणे साडेचार. चारला धक्क्यावर या. आमचा मुलगा कालनिर्णय घेऊन उभा असेल.